रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजावा

मी ज्या गल्लीत राहतो तिथल्या पदपथाचा एक पेव्हर ब्लॉक गेल्या उन्हाळ्यात निखळला आणि त्या खळग्यात वाकून पाहिले तेव्हा मला तीन थर दिसले. सर्वांत खाली शहाबादी फरशी, तिच्यावर चौकटी-चौकटीची सिमेंटची टाइल आणि त्यावर सध्याचा लाल-पिवळा ब्लॉक. सुताराकडून टेप मागून आणून मी पदपथाची उंची मोजली, ती बत्तीस सेंटिमीटर भरली. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ साली पादचाऱ्यांच्या सोयींसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत ही उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, म्हणजे पंधरा सेंटिमीटर, सांगितलेली आहे. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला ती पायरी चढवत नाही, त्यामुळे ती रस्त्याच्या कडेने, रिक्षांच्या आरशांना कोपर लागू न देता चालते. शहराचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडच्या बहुतेक शहरांत टेप घेऊन गेलात तर आकडा थोड्याफार फरकाने हाच येईल.

हे तीन थर कोणाच्या बेजबाबदारपणामुळे चढले असे मला वाटत नाही. प्रत्येक थर आपापल्या वर्षी रीतसर मंजूर झालेला असणार, त्याचे पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, झालेले असणार, निविदा निघालेली असणार आणि बिलही अदा झालेले असणार. अडचण अशी आहे की महापालिकेच्या हिशेबात ‘रस्ता’ नावाची एक वस्तू नसतेच. डांबरीकरण एका लेखाशीर्षाखाली, पदपथ दुसऱ्या, पावसाळी गटार तिसऱ्या, जलवाहिनी पाणीपुरवठा विभागाकडे, दिव्यांचे खांब विद्युत विभागाकडे आणि झाडे उद्यान विभागाकडे असतात. जुना पदपथ उखडून त्याचा राडारोडा वाहून नेण्यापेक्षा त्याच्यावरच नवा बसवणे स्वस्त पडते आणि मार्चअखेरच्या आत उरकतेही.

पुण्याचे अंदाजपत्रक ज्यांनी कधी चाळले असेल त्यांना ‘स’ यादी हा शब्द नवा नाही. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, स्थायी समिती त्यात फेरबदल करून ते मुख्य सभेपुढे ठेवते आणि या प्रवासात नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेली कामे ‘स’ यादीत येऊन बसतात. ही कामे आकाराने लहान असतात, कारण निधी अनेकांत वाटायचा असतो. पुढे वर्षाच्या मध्यात वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात आणि एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळतात. लोकप्रतिनिधीला प्रभागातल्या गरजा ठाऊक असतात, हे खरे आणि महत्त्वाचे आहे; त्याच्या हातात काहीच निधी नसावा, असे मी म्हणणार नाही. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर पुण्यात दीर्घकाळ प्रशासकाचा कारभार होता, त्या काळात रस्त्यांचे प्रश्न आपोआप सुटले असेही काही झाले नाही. मात्र तुकड्यांत वाटलेल्या निधीतून रस्त्याचेही तुकडेच होतात, आणि दोनशे मीटरचा सुबक पदपथ जिथे प्रभागाची हद्द संपते तिथेच एकाएकी संपतो.

पुण्यात रस्त्यांचा विषय निघाला की जंगली महाराज रस्ता निघतोच. १९७६ साली रेकॉन्डो या कंपनीने तो बांधला आणि दहा वर्षांची हमी लिहून दिली, ही हकिकत शहरात जवळजवळ दंतकथेसारखी सांगितली जाते. ती सांगताना लोक डांबराच्या दर्जाविषयी भरभरून बोलतात. मला त्यातली हमी अधिक महत्त्वाची वाटते. रस्ता खराब झाला तर खर्च आपल्याच खिशातून जाणार आहे, हे ज्या ठेकेदाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, तो खडीचा थर दाबताना रोलरच्या फेऱ्या वाचवत नाही. आजच्या निविदांतही दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडल्यास ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, असतेच, पण त्या कालावधीत तोच रस्ता दुसऱ्या विभागाने केबलसाठी किंवा जलवाहिनीसाठी खोदला, की दोष कोणाचा हे ठरवणे अशक्य होऊन बसते आणि हमी कागदावर राहते. म्हणूनच खोदाईचे वेळापत्रक ही मला डांबरापेक्षा मोठी बाब वाटते. पुण्यात खोदाईची परवानगी साधारणपणे एप्रिलअखेरपर्यंत असते आणि मे महिन्यात रस्ते पूर्ववत करून पावसाळ्याला सामोरे जायचे असते. ज्याने कधी घराचे प्लास्टर करवून घेतले आहे त्याला ही घाई म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही.

याच जंगली महाराज रस्त्याने चाळीस वर्षांनंतर दुसरा धडा दिला. २०१६ साली पुणे महापालिकेने पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या रचनेची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि त्यानंतर या रस्त्याची नव्याने आखणी झाली. या वेळी प्रश्न डांबराचा नव्हता. एका बाजूच्या इमारतीच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत एकंदर जागा किती आहे, तिच्यातून चालणाऱ्याला, सायकलला, झाडाच्या बुंध्याला, उभ्या गाडीला आणि धावत्या गाडीला किती द्यायची, हे आधी कागदावर ठरले. अभियंते ज्याला काटछेद म्हणतात तो हाच. पदपथ रुंद झाले, जुनी झाडे त्यांच्यात सामावली गेली, बसायला बाक आले, मुलांसाठी खेळणी आली. मी एका संध्याकाळी तिथे तासभर बसून होतो. एक आजोबा हातातली काठी बाकाला टेकवून शांतपणे शेंगदाणे खात होते आणि त्यांच्या मागून शाळेतली दोन मुले पळत गेली, पण आजोबांना पाय आवरून घ्यावे लागले नाहीत.

अर्थात जंगली महाराज रस्ता मुळात रुंद आहे आणि एकदिशा आहे. त्याचा नकाशा उचलून सदाशिव पेठेत ठेवता येणार नाही. पेठांतला प्रश्न निराळाच आहे आणि त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे रस्त्याची ठरवलेली कड, आखता येते आणि त्यानंतर जो वाडा पाडून नवी इमारत उभी राहते, तिला त्या रेषेच्या मागे सरकावे लागते. सरकलेल्या जागेचा मोबदला चटईक्षेत्राच्या, म्हणजे जास्त बांधकामाच्या परवानगीच्या, रूपाने मिळू शकतो. कागदावर ही पद्धत अत्यंत सोयीची आहे, कारण पालिकेला एकरकमी भूसंपादन करावे लागत नाही. प्रत्यक्षात मात्र सगळे वाडे एकाच वर्षी पडत नाहीत. कुठे भाडेकरूंचा दावा असतो, कुठे भावाभावांत वाटणीचे ठरलेले नसते. परिणामी एक इमारत दोन मीटर मागे, शेजारचा वाडा जागच्या जागी, त्यापुढची इमारत पुन्हा मागे, अशी रस्त्याची कड करवतीच्या दातांसारखी होते. गाड्यांना त्या रुंदीचा उपयोग नसतो, कारण पुढचा वाडा वाट अडवतो. चालणाऱ्याला नसतो, कारण त्या खाचेत दुचाक्या लागतात. पन्नास वर्षे रुंदीकरण चालू राहूनही रस्ता रुंद होत नाही, तो केवळ दातेरी होतो. त्या खाचा रुंदीकरण पूर्ण होण्याची वाट पाहत ठेवण्याऐवजी आजच पदपथाला जोडून टाकाव्यात, तिथे कडेला दोन बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे आखूड खांब, लावावेत आणि एखादे झाड लावावे, असे माझे मत आहे. विकास आराखड्याच्या भरवशावर थांबण्यात अर्थ नाही, कारण पुण्याचा २००७ ते २०२७ या काळासाठीचा आराखडा २०१७ साली, म्हणजे निम्मी मुदत संपल्यावर, मंजूर झाला.

लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो आणि त्या दिवशी काही तास रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद असतो. या उपक्रमाला नुसता सोहळा म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. मला त्यात एक उपयोग दिसतो: त्या काही तासांत सामान्य माणसाला रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत दिसतो आणि गाड्या नसताना तो किती रुंद आहे हे प्रथमच कळते.

माझ्या गल्लीपुरते बोलायचे तर मी टेपने घेतलेल्या मापांवरून एका पानावर काटछेद काढला, त्याला अर्ज जोडला आणि क्षेत्रीय कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या कनिष्ठ अभियंत्यांनी तो नीट वाचला. “पदपथ खाली घ्यायचा म्हटलं तर जलवाहिनी आडवी येईल,” ते म्हणाले. तिचा नकाशा पाहायला मिळेल का, असे मी विचारले. तो कार्यालयात नव्हता. मग त्यांनीच माझा अर्ज उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने जलवाहिनी कोणत्या घरापाशी वळते, किती फूट खोल आहे आणि कुठला व्हॉल्व्ह जाम झालेला आहे हे सगळे आठवणीने काढून दाखवले. एकोणीस वर्षे ते त्याच भागात काम करत आहेत. मी आभार मानून कागद परत घेतला, तेव्हा त्यांनी शिपायाला हाक मारली आणि त्या पाठीमागच्या बाजूची एक झेरॉक्स कार्यालयासाठी काढून आणायला सांगितली.