बेदरचा बादशहा, आरशाच्या उजेडात

बिदरला आमच्याकडची जुनी माणसं अजून बेदरच म्हणतात. आजीच्या तोंडी तर ‘बेदरचा बादशहा’ हे जोडूनच यायचं. दामाजीपंतांचं कीर्तन ऐकलेल्या कुणालाही तो बादशहा माहीत असतो. दुष्काळात पंतांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारं लोकांना मोकळी केली, बादशहाने त्यांना पकडून आणायला माणसं धाडली, आणि पांडुरंग विठू महार होऊन दरबारात मोहरांची थैली रिती करून पावती घेऊन गेला. पंतांचं नाव आहे, विठूचं आहे, गावाचं आहे. बादशहा मात्र नुसता बादशहा. लहानपणी मला हे फार खटकायचं.

यंदा डिसेंबरात लातूरहून उदगीरमार्गे एसटीने बिदर गाठलं ते याच बिननावाच्या माणसाला बघायला. माझ्या मनातला उमेदवार ठरलेला होता: महमूदशहा बहमनी. दामाजींचा बादशहा हा नव्हे, इतपत मलाही कळतं. पण 1482 ते 1518 अशी तब्बल 36 वर्षं तख्तावर बसून ज्याला कुणी विचारलंच नाही, त्याच्याइतका बिननावाचा बादशहा दुसरा कुठे सापडणार?

आधी गावातला महमूद गवानचा मदरसा पाहिला. 1472 सालची तीन मजली इमारत. औरंगजेबाच्या काळात, 1696 मध्ये स्फोट झाला आणि तिचा मोठा भाग गेला. आता एकच मिनार उभा आहे, त्यावर निळ्या-हिरव्या फरश्यांचे तुकडे अजून चिकटून आहेत. गवान इराणातल्या गिलानचा, व्यापारी म्हणून आला आणि वजीर झाला. गोवा जिंकला, कोकणात खेळण्यापर्यंत (म्हणजे आपल्या विशाळगडापर्यंत) मोहीम नेली, चार तरफांचे (मोठ्या प्रांतांचे) आठ सुभे केले आणि एका सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवला. सरदारांच्या पोटात दुखायला एवढं पुरेसं होतं. पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घरातून आलेला म्हणून सांगतात तो मलिक हसन, त्याच्या गोटातल्या लोकांनी गवानच्या मोहोरदाराला दारू पाजून एका कोऱ्या कागदावर वजिराचा शिक्का उठवून घेतला. मग त्यावर ओरिसाच्या राजाला ‘चाल करून या’ असं पत्र लिहिलं. 1481 च्या एप्रिलमध्ये, कोंडापल्लीच्या छावणीत, सुलतानाने नशेत वजिराला जाब विचारला. गवान म्हणाला, शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाचं डोकं तिथेच उडवलं. वर्षभरात सुलतानही गेला, आणि त्याचा बारा वर्षांचा मुलगा महमूद तख्तावर आला.

किल्ल्यात शिरताना शरझा दरवाजा लागतो. वर दगडात कोरलेले दोन वाघ, आणि 1503 सालचा शिलालेख, तोही महमूदशहाचाच. तोपर्यंत त्याच्या राज्याचे तुकडे पडून बरीच वर्षं झाली होती. वाघ मात्र झोकात आहेत. मला जरा हसूच आलं.

रंगीन महालाला कुलूप होतं. पहारेकऱ्याची बरीच मनधरणी केल्यावर दार उघडलं. काळ्या दगडात बसवलेले शिंपल्यांचे तुकडे त्या अंधारातही चमकतात. ते काम बहमनींनंतर बिदरवर राज्य करणाऱ्या बरीद घराण्यातल्या अली बरीदचं, पण मूळ महाल महमूदशहाच्या काळाचा मानतात. तो गुम्बद दरवाजाच्या इतका लगत का, ते समजायला 1487 ची एक रात्र माहीत असावी लागते. दरबारात दोन तट होते. इथे रुळलेले दख्खनी आणि त्यांच्या बाजूचे हबशी एकीकडे, इराण-तुराणातून आलेले आफाकी दुसरीकडे. दख्खनींचा म्होरक्या मलिक हसन वर्षभरापूर्वीच मारला गेला होता. त्या रात्री दख्खनी-हबशींचा जमाव किल्ल्याची दारं लावून थेट महालात घुसला. सतरा वर्षांच्या सुलतानाने शाह बुरुजाचा आसरा घेतला. मूठभर तुर्की अंगरक्षकांनी कुमक येईपर्यंत त्याला वाचवलं. सकाळी त्याने सूड घ्यायचा हुकूम दिला आणि तीन दिवस शहरात कत्तल चालली, असं जुना फारसी इतिहासकार फेरिश्ता लिहितो.

आपल्याच घरात, आपल्याच नोकरांनी आपल्याला मारायला यावं, आणि वय सतरा. मी त्या अंधाऱ्या खोलीत बराच वेळ उभा राहिलो. यापुढे तो पेला आणि गाणं-बजावणं यात बुडाला, लाहोर-दिल्लीपासून खुरासानपर्यंतचे कलावंत बिदरला गोळा झाले, हे सगळे इतिहासकार नाक मुरडून सांगतात. मला तेवढं नाक मुरडता येत नाही. पण तख्त-ए-फिरोजाचं ऐकलं की माझीही सहानुभूती आटते. तेलंगणातून आलेलं हे तख्त, प्रत्येक सुलतानाने त्यात जडजवाहीर घालत नेलेलं. महमूदशहाने ते मोडलं, आणि कशासाठी? पेले-सुरया घडवायला! जवाहिऱ्यांनी त्याची किंमत तेव्हा एक कोटी होन केली होती म्हणे.

तोवर बाहेर काय चाललं होतं? मलिक हसनचा मुलगा अहमद जुन्नरला बसून होता. त्याच्यावर पाठवलेली फौज त्याने मे 1490 मध्ये भिंगारपाशी उधळली आणि चार वर्षांनी तिथेच नगर वसवायला घेतलं. विजापुरात यूसुफ आदिलखान, वऱ्हाडात फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क, पुढे गोवळकोंड्याला कुली कुतुब. खुद्द राजधानीत कासीम बरीद, आणि 1504 मध्ये तो गेल्यावर त्याचा मुलगा अमीर बरीद, ज्याला लोक दख्खनचा कोल्हा म्हणत. गंमत अशी की सुलतानाला हटवायची घाई यांच्यापैकी कुणालाच नव्हती. एकाने ते तख्त घेतलं असतं तर बाकीचे चौघे त्याच्यावर तुटून पडले असते. त्यापेक्षा फर्मानं सुलतानाच्या नावाने निघत आणि मजकूर ज्याच्या हातात सुलतान असेल त्याचा असे. ज्या कोऱ्या, शिक्का उठवलेल्या कागदाने गवानचा जीव घेतला, तसाच एक कागद होऊन महमूदशहा 36 वर्षं जगला. शत्रूंनाही तो हवाच होता. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने बहमनी फौजेला हरवलं, त्या लढाईत सुलतान घोड्यावरून पडून जखमी झाला. पुढे त्याच रायाने त्याला पुन्हा तख्तावर बसवून ‘यवनराज्यस्थापनाचार्य’ (यवनांचं राज्य पुन्हा उभं करून देणारा) अशी पदवी मिरवली. पराभवाहूनही हे जास्त झोंबलं असेल.

सगळं खापर एकट्यावर फोडणंही बरोबर नाही. गवानच्या हयातीतच अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून, पावसाळा जुन्नरला काढून बिदरला आला होता. सरदार डामडौलात राहतात आणि खेड्यातले लोक फार हलाखीत आहेत, असं त्याने तेव्हाच लिहून ठेवलंय. घराला वाळवी आधीच लागलेली होती.

दुपारी रिक्षाने अष्टूरला गेलो. गावापासून तीनेक किलोमीटर, शेतांच्या मध्ये बहमनी सुलतानांच्या कबरींची रांग. पहिला अहमदशहा वली. त्याच्या उरुसाला जंगम (लिंगायत पुरोहित) पुढे असतो, हिंदू त्याला लिंगायत संत अल्लमप्रभू मानतात. आत काळोख. तिथल्या चाचांनी दारात उभं राहून आरशाने ऊन आत फेकलं, आणि घुमटाखालची लाल-सोनेरी नक्षी अंगावर आली. त्यांनी कवडसा भिंतीवरून असा सावकाश फिरवला की मी बोलायचं विसरलो. पुढे हुमायून जालीमचा घुमट, वीज पडून अर्धा उभा चिरलेला. आतला पोकळ भाग बाहेरूनच दिसतो.

महमूदशहाची कबर त्याच्यापुढे, आकाराने चांगली भारदस्त. त्यानंतरच्यांच्या कबरी अगदीच लहान. त्याचे वारस बरीदांच्या हातातली बाहुली, आणि शेवटचा कलीमुल्लाह तर आधी विजापूरला, मग नगरला पळाला.

मी चाचांना म्हटलं, इथेही जरा आरसा धरा ना.

ते हसले. “वहाँ क्या है साब, सादी दीवार है.” आरसा त्यांनी पिशवीत टाकला आणि पहिल्या घुमटाकडे निघाले, तिकडे एक शाळेची सहल उतरत होती.

मी मोबाइलचा उजेड करून आत गेलो. चार-पाच पारवे फडफडत डोक्यावरून बाहेर गेले.