भाताची युक्ती तणाच्या हाती

तणनाशक मारून दोन आठवडे झाले, बाकीचं तण पिवळं पडून कुजलं आणि खाचरात मधूनमधून सावा (भातातलं गवतवर्गी तण) मात्र हिरवागार उभा आहे, असं दिसलं की पहिला संशय औषधावर जातो. भेसळ असेल, मात्रा कमी पडली असेल, फवारल्यावर लगेच पाऊस आला असेल. यातलं काहीही खरं असू शकतं. म्हणून मी आधी वाचलेल्या झाडांच्या शेजारी काय मेलंय ते बघते. फवारणीच फसली असेल तर बहुतेक पट्टेच्या पट्टे वाचतात आणि त्यात सगळ्या जातीचं तण असतं. पण मेलेल्या साव्याच्या बुंध्याला टेकून दुसरा सावा ठणठणीत उभा असेल, तर मला खरी काळजी वाटते. फवारा दोघांवर सारखाच पडलेला असतो.

अशा झाडांचं बी मी ट्रेमध्ये उगवून बघते. शेजारच्या ट्रेमध्ये कधीच औषध न मारलेल्या जागेतला सावा. रोपं तीन पानांवर आली की शिफारशीची मात्रा, मग दुप्पट, मग चौपट. सायहॅलोफॉप हे गवत मारणारं औषध मारलं असेल तर साध्या साव्याचा मधला पोंगा (कोवळ्या पानांची सुरळी) नुसता धरून ओढला तरी अलगद हातात येतो, खालचं टोक तपकिरी आणि कुजलेलं. प्रतिकारक रोपाचा पोंगा ओढावा तर सगळं रोप मुळासकट वर येतं. हा फरक एकदा बोटांना कळला की विसरत नाही.

तणाला औषधाची हळूहळू सवय होते, असं खूप जण मानतात. तसं होत नाही. एकेक झाड आयुष्यात बदलत नाही, मरतं किंवा वाचतं. साव्याचं एक मोठं झाड हजारोंनी बी टाकतं, आणि एवढ्या बियांत जनुकातला एखादा बारीक बदल घेऊन आलेलं झाड फवारणीच्या आधीपासूनच असू शकतं. औषध फक्त बाकीच्यांना वाटेतून दूर करतं. कॅलिफोर्नियाच्या भातशेतीत बेनसल्फ्युरॉन हे तणनाशक 1989 मध्ये आलं आणि 1992 मध्येच त्याला न जुमानणारं तण सापडलं, त्यात लव्हाळ्याच्या कुळातलं सायपेरस डिफॉर्मिस होतं. हे औषध एएलएस या एकाच एन्झाइमला जाऊन चिकटतं; झाडाला लागणारी काही अमिनो आम्लं हे एन्झाइम बनवतं. एन्झाइममधलं एखादं अमिनो आम्ल बदललं की औषधाला चिकटायला जागाच उरत नाही.

पण मला जास्त विचार करायला लावते ती दुसरी वाट. भात स्वतः गवतच आहे. मग गवत मारणाऱ्या औषधातून भात कसा वाचतो? बऱ्याच औषधांच्या बाबतीत उत्तर एकच: भात ते पचवतो. प्रोपॅनिल हे तणनाशक साधारण 1960 पासून भातात वापरात आहे. भाताच्या पानात ॲरिल ॲसिलअमिडेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं, ते प्रोपॅनिल फोडून निकामी करतं. साव्यात ते फार कमी, म्हणून सावा मरायचा. 1990 च्या सुमारास अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये प्रोपॅनिलला दाद न देणारा सावा मिळाला. तपासलं तर त्यात हेच एन्झाइम वाढलेलं होतं. ज्या युक्तीवर भात वाचत होता, तीच तणाने उचलली होती.

बाहेरून आलेली रसायनं मोडणाऱ्या सायटोक्रोम पी-450 या एन्झाइमांचंही तेच. कॅलिफोर्नियातल्या साव्याच्या एका भाईबंदात अशी दोन एन्झाइमं जादा बनतात आणि तो वेगवेगळ्या गटांतली औषधं पचवतो. म्हणजे जे औषध त्याच्यावर कधी मारलंच नाही, तेही त्याला लागू पडेल याचा भरवसा नाही. मॅलॅथिऑन हे कीटकनाशक ही एन्झाइमं अडवतं, ते मिसळलं की हे तण पुन्हा बरंचसं मरतं. मग मिसळून मारू, असं कोणी म्हणेल. पण भाताचं संरक्षणही त्याच जातीच्या एन्झाइमांवर उभं आहे. प्रोपॅनिलसोबतही काही कीटकनाशकं मारली की भाताचं ॲरिल ॲसिलअमिडेज अडतं आणि भातच करपतो, हे जुनंच ज्ञान आहे.

जंगली भाताचं, म्हणजे शेतात तण म्हणून उगवणाऱ्या भाताचं, तर आणखी अवघड. तो पिकाचाच सख्खा. इमिडाझोलिनोन गटातली तणनाशकं सहन करणारे भाताचे वाण अमेरिकेत 2002 मध्ये शेतात आले आणि काही वर्षांतच परागकणांवाटे तो गुण जंगली भातात उतरला.

रसायन नसतानाही तण असंच निवडलं जात होतं, हे इथे सांगायलाच हवं. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात हाताने बेणणी करणाऱ्यांनी शेकडो वर्षं ओळखू येणारा सावा उपटला, आणि मागे राहिला तो भातासारखा सरळ वाढणारा, हिरव्या बुंध्याचा. तो ओळखायचा तर पान जिथे खोडाला मिळतं तिथे बघावं लागतं. भाताला तिथे पातळ पांढरी जिभली असते, साव्याला ती नसते.

म्हणून औषध बदलताना मी बाटलीवरचं नाव बघत नाही. बिस्पायरिबॅक, पेनॉक्ससुलम, बेनसल्फ्युरॉन ही तिन्ही त्याच एएलएसवर जातात; दरवर्षी यांच्यातच अदलाबदल केली तर काहीच बदललेलं नसतं. क्रियेचा गट, म्हणजे औषध झाडात नेमकं कशावर घाव घालतं ते, बदलायला हवा, मात्रा पूर्ण हवी (कमी मात्रेत अर्धवट पचवणारी झाडं वाचतात आणि एकमेकांत मिसळून पुढची पिढी जास्त तयार होते), आणि लहान सावा दाबायला खाचरात पाणी उभं ठेवता येत असेल तर ठेवावं. पण पचवणाऱ्या तणापुढे गट बदलूनही भागत नाही, त्यामुळे फवारणीनंतर उरलेली झाडं हाताने काढण्याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. ती मोजकी असतात तोवरच हे जमतं. साव्याचं बी भात कापायच्या आधी झडतं, तेव्हा उपटायचं ते लोंबीत दाणा भरण्याआधी, आणि उपटलेलं झाड बांधावर न टाकता शेताबाहेर न्यायचं.