विकलेल्या घराचे हप्ते

आम्ही न्यू जर्सीत टाउनहाउस घेतलं ऑक्टोबर २००८ मध्ये, लेहमन ब्रदर्स ही बँक बुडून महिना झाला नव्हता, सगळे म्हणत होते थांबा जरा, पण आम्हाला कुठली घाई सुटली होती देव जाणे. त्यात सरकारचं साडेसात हजार डॉलरचं फर्स्ट टाइम होमबायर क्रेडिट, म्हणजे पहिलं घर घेणाऱ्यांना करात सूट, मिळत होतं. नाव क्रेडिट, पण २००८ मध्ये घर घेतलेल्यांसाठी ते खरं तर बिनव्याजी कर्जच, २०१० च्या टॅक्स रिटर्नपासून दरवर्षी ५०० असे १५ हप्ते. आमच्या नंतर २००९ मध्ये घेतलेल्यांना ८००० मिळाले आणि तीन वर्षं तिथेच राहिलं की परतफेडही नाही. असो, जखमेवर मीठ नको.

२०१३ मध्ये माझी नोकरी टेक्सासला गेली आणि घर विकावं लागलं. २,६२,००० ला घेतलेलं, २,३१,००० ला गेलं.

आता खरी गंमत. नुसता हप्ता भरायचा असेल तर वेगळा फॉर्म लागत नव्हता, १०४० वर, म्हणजे दरवर्षीच्या टॅक्स रिटर्नच्या फॉर्मवर, थेट ५०० लिहायचे. माझं सॉफ्टवेअर मागच्या वर्षीचा आकडा गुपचूप पुढे ढकलायचं आणि मी नेक्स्ट नेक्स्ट करत सुटायचो. घर विकलेलं, हप्ता चालू! २०१९ च्या मार्चमध्ये बायको शेजारी बसली होती, तिने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "हे लाइन ६०बी चे पाचशे कसले रे?" मी अगदी ऐटीत सांगितलं, जुन्या घराचे. ती म्हणाली, "कुठलं घर?"

मग रात्री फॉर्म ५४०५ च्या, म्हणजे या क्रेडिटच्या परतफेडीच्या फॉर्मच्या, सूचना वाचत बसलो. घर परक्या माणसाला विकलं असेल तर परतफेड फक्त नफ्याइतकीच. नफा काढताना खरेदी किमतीतून न फेडलेलं क्रेडिट वजा करायचं, म्हणजे आमचे तीन हप्ते गेल्यावर उरलेले ६०००, तरी २,५६,००० होतात, म्हणजे तोटाच. देणं शून्य. आणि मी २०१३ ते २०१७ पाच वर्षं इमानेइतबारे भरत होतो.

(घर विकायच्या ऐवजी भाड्याने दिलं असतं तर मात्र ही सवलत नव्हती, उरलेली सगळी रक्कम त्याच वर्षी एकदम भरावी लागली असती. आमच्या एका मित्राला हा फटका बसलाय.)

रिफंड मागायला रिटर्न भरल्यापासून साधारण तीन वर्षांची मुदत, त्यामुळे २०१३ आणि २०१४ चे हजार डॉलर बुडाले. २०१५ ची मुदत पुढच्याच महिन्यात संपत होती. १०४०-एक्स, म्हणजे जुनं रिटर्न दुरुस्त करायचा फॉर्म, तेव्हा कागदावरच पाठवावा लागायचा, म्हणून तीन वर्षांचे तीन फॉर्म, तीन पाकिटं, प्रत्येकात विक्रीच्या वर्षाचा ५४०५ आणि क्लोजिंगच्या, म्हणजे विक्री व्यवहाराच्या, कागदांची झेरॉक्स. कारण लिहायच्या जागेत मी आधी अर्धं पान रामायण लिहिलं होतं, बायकोने खोडून दोन ओळी केल्या: घर २०१३ मध्ये तोट्यात विकलं, हप्ता चुकून भरला.

दोन चेक उन्हाळ्यात आले, तिसऱ्याच्या आधी एक पत्र आलं, कागद पुन्हा एकदा पाठवा म्हणून, ते पाठवले, मग दिवाळीच्या सुमारास तोही आला. वर थोडंसं व्याज. त्या व्याजावर टॅक्स लागतो, तेवढं मात्र पुढच्या रिटर्नमध्ये आठवणीने दाखवलं.