राजीनामा साहेबांच्या ड्रॉवरमध्ये : टोकियोत नोकरी सोडतानाचा माझा अनुभव

'आझुकारु' हे क्रियापद मी जपानी भाषेच्या एन2 परीक्षेसाठी पाठ केलं होतं. अर्थ काय तर दुसऱ्याची वस्तू सांभाळायला ठेवून घेणे, म्हणजे हॉटेलच्या काउंटरवर बॅग ठेवून आपण फिरायला जातो ना, ते. या एका शब्दापायी माझे पाच आठवडे गेले.

झालं असं की टोकियोतल्या एका आयटी कंपनीत मी साडेसहा वर्षं होतो, सेइशाइन म्हणजे परमनंट. दुसरीकडे ऑफर मिळाली, 1 मार्चला जॉइनिंग. इंटरव्ह्यू, ऑफर लेटर सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. डिसेंबरचा बोनस खात्यात पडू दिला (इथे बरेच जण पडू देतात, लाजायचं काही कारण नाही) आणि काचोला, म्हणजे माझ्या थेट साहेबांना, जरा वेळ मागितला. आणि पहिली चूक तिथेच केली. मी म्हणालो "सोदान गा आरिमास", सोदान म्हणजे सल्लामसलत. सगळे असंच म्हणतात म्हणून मीही म्हणालो. आता तुम्ही सल्ला मागितलात तर समोरचा सल्ला देणारच की! तासभर दिला. त्यापेक्षा सरळ "ओहानाशी गा आरिमास", बोलायचंय, एवढंच म्हणा आणि तारीख ठरवूनच आत जा.

मग पत्र. इंटरनेटवर नमुना शोधला, जो पहिला दिसला तो उचलला. पांढरा कागद, काळं पेन, उभ्या ओळीत हाताने लिहायचं. पहिल्या ओळीत फक्त 'वाताकुशीगी' एवढाच शब्द, म्हणजे 'मी', आणि तोही अगदी तळाशी, कारण मी म्हणजे लहान माणूस, वर कसा बसणार. कारणाच्या जागी 'इश्शिनजो नो त्सुगो', वैयक्तिक कारण, बस्स. त्यापुढे एक शब्द लिहायचा नाही. खाली कंपनीच्या अध्यक्षांचं नाव माझ्या नावापेक्षा वर यायला हवं, ते तीनदा चुकलं, तीन कागद फुकट गेले, चौथा पांढऱ्या पाकिटात घालून बुचोंकडे, म्हणजे काचोंच्याही वरच्या विभागप्रमुखांकडे, नेला.

बुचोंनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, पत्र शेवटपर्यंत वाचलं, तोंडाने हवा आत ओढून तो 'स्स्स' आवाज काढला (इथे राहिलेल्यांना माहितीये त्याचा अर्थ काय : 'अवघड आहे') आणि म्हणाले, "इत्तान आझुकारासेते कुदासाइ." तूर्तास माझ्याकडे ठेवून घेतो. पत्र परत घडी करून पाकिटात, पाकीट ड्रॉवरमध्ये. मी कमरेतून वाकलो, बाहेर आलो आणि बायकोला मेसेज केला की झालं एकदाचं, सुटलो.

कसलं झालं न् कसलं काय. आठवडा गेला. जिनजीत, म्हणजे एचआरमध्ये, सहज विचारलं तर त्यांना पत्ताच नाही. बुचोंना विचारलं तर "केंतोच्यू", विचार चालू आहे. मग वर्षाखेरीची सुट्टी लागली. जानेवारीत काम सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बुचो मला जेवायला घेऊन गेले. याकितोरीच्या, म्हणजे भाजलेल्या चिकनच्या, काड्या समोर (मी आपला ढोबळी मिरचीच्या), आणि बुचो माझ्या ग्लासात स्वतः बीअर ओततायत, इथे एरवी हे उलट असतं, ज्युनियरने साहेबांना ओतायची. एप्रिलपासून पगाराचं बघू, प्रोजेक्ट मार्चअखेर संपतोय तेवढं तरी थांब, तू गेलास तर ज्युनियर पोरांचं काय. पुढच्या आठवड्यात परत तेच, फक्त ड्रॉवरवाले बुचो आणि काचो दोघं एकदम. "आधी आमच्याशी सोदान करायला हवं होतंस" हे मात्र मनापासून लागलेलं दिसत होतं, आणि त्यांचंही चूक नाही, पहिल्याच दिवशीच्या ट्रेनिंगमध्ये होरेन्सो शिकवतात, होकोकु, रेनराकु, सोदान, कळवा, संपर्कात राहा, सल्ला घ्या.

पण गंमत बघा, या सगळ्यात एकदाही कोणी "नाही" म्हणालं नाही. पुण्यातल्या माझ्या जुन्या साहेबाने आधी आरडाओरडा केला असता, मग चहा मागवला असता, आणि मला निदान कळलं असतं की मी कुठे उभा आहे. इथे सगळे हसून बोलतायत, मान डोलावतायत आणि माझं पाकीट ड्रॉवरमध्ये. आपल्या कचेरीत फाईल दाबून ठेवतात तेच हे, फक्त "सॉरी" म्हणत दाबलेली. रात्री झोप लागेना, 1 मार्च जवळ येतोय आणि नव्या कंपनीला काय सांगू.

शेवटी 'सोगो रोदो सोदान कॉर्नर'ला फोन केला. कामगार खात्याचं सल्ला केंद्र आहे, फुकट आहे, आणि सोदान करायचंच तर इथे करा! पलीकडच्या बाईंनी माझी रामकहाणी शांतपणे ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, "तुम्ही दिलंत ते नेगाइ होतं का तोदोके?"

मी पाकिटाचा फोटो उघडला. ताइशोकु नेगाइ.

ताइशोकु म्हणजे नोकरी सोडणं, नेगाइ म्हणजे विनंती. शेवटची ओळच तशी असते, राजीनामा देऊ इच्छितो, कृपया विचार व्हावा. म्हणजे मी अर्ज केला होता, आणि अर्ज म्हटलं की मंजुरीची वाट बघणं आलंच. तोदोके म्हणजे कळवणं, अमुक तारखेला मी नोकरी सोडत आहे, पूर्णविराम. जपानच्या दिवाणी कायद्याच्या कलम 627 प्रमाणे मुदत नसलेल्या नोकरीत सोडतोय असं कळवल्यापासून दोन आठवड्यांत नोकरी संपते, कोणाची मंजुरी लागत नाही. कंपनीच्या नियमावलीत, शूग्यो किसोकुमध्ये, बहुतेक ठिकाणी एक महिना लिहिलेला असतो, तो पाळावा म्हणजे भांडण होत नाही. (ठराविक मुदतीच्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांना हे कलम जसंच्या तसं लागू नाही, त्यांनी आधी विचारून घ्या.)

20 जानेवारीला दुसरं पत्र नेलं. वर ताइशोकु तोदोके, आत 28 फेब्रुवारी. या वेळी आतल्या पत्राचाही फोटो काढून ठेवला आणि आज पत्र देतोय अशी जिनजीला मेलही टाकली. तरी नाही घेतलं तर नाइयो श्योमेइ, म्हणजे आत काय लिहिलंय याची पोस्टच नोंद ठेवते ते पत्र, पाठवायची तयारी होती. बुचोंचा हात सवयीने ड्रॉवरकडे गेला. मी म्हणालो, "सुमिमासेन, माफ करा, हे तोदोके आहे." हात तिथेच थांबला. "सो देस् का." असं होय. दुसऱ्या दिवशी सकाळी जिनजीकडून काय काय परत करायचं त्याची यादी आली, लॅपटॉप, ओळखपत्र, उरलेली व्हिजिटिंग कार्डंसुद्धा.

एक फोन हो! पाच आठवडे आधी केला असता तर माझी सगळी यूक्यू, म्हणजे पगारी रजा, वाचली असती. 27 दिवस शिल्लक होते, हिकित्सुगी म्हणजे काम सोपवण्यात दिवस गेले, जेमतेम 15 घेता आल्या, 12 बुडाल्या. उरलेल्या रजेचे पैसे द्यायची कंपनीवर सक्ती नाही, त्यामुळे दिले नाहीत. तेव्हा आधी रजा मोजा, मग शेवटची तारीख ठरवा.

हां, आणि शेवटच्या पगाराची स्लिप बघून दचकू नका. जानेवारी ते मे मध्ये सोडलीत तर मेपर्यंतचा उरलेला रहिवासी कर एकदम कापतात, माझे चार महिन्यांचे एका दमात गेले. इमिग्रेशनला 14 दिवसांत कळवायचं असतं, जुनी-नवी दोन्ही कंपनी एकाच फॉर्मवर, ऑनलाइन दहा मिनिटांत झालं. दुसरी नोकरी हातात नसेल तर रिश्योकुह्यो, म्हणजे नोकरी सोडल्याचा दाखला, नक्की मागा, बेकारी भत्त्याला लागतं, आणि व्हिसावर तीन महिन्यांहून जास्त रिकामं बसू नका. शेवटच्या दिवशी खाऊ न्यायचा, एकेक तुकडा वेगळ्या वेष्टनातला, टेबलाटेबलाशी जाऊन "ओसेवा नि नारिमाश्ता" म्हणायचं, म्हणजे तुम्ही सांभाळून घेतलंत, आभारी आहे. बुचोंनी दोन घेतले.

फक्त गेनसेन चोश्यूह्यो राहिलंय, आपल्या फॉर्म 16 सारखं असतं ते, नव्या कंपनीला द्यावं लागतं. सोडल्यापासून महिन्याच्या आत द्यायचं असा नियम आहे. आज 5 एप्रिल. गुरुवारी फोन केला होता, बाई फार गोड बोलल्या, म्हणाल्या साहेबांच्या टेबलावर आहे, काकुनिन, म्हणजे खात्री, करून कळवतो.