डीडीजीएस, एन्झाइम आणि कोरी राहिलेली चौकट

डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, मक्याच्या इथेनॉलला जोर चढला आणि आमच्या ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्याचं गणित बिघडलं. मका महाग, पण त्याच मक्यातून इथेनॉल काढून उरलेला चोथा, म्हणजे डीडीजीएस, मागाल तेवढा. खाद्य मी शेडवरच बनवतो. म्हटलं, फिनिशरमध्ये, म्हणजे विक्रीआधीच्या शेवटच्या टप्प्याच्या खाद्यात, थोडा मका आणि सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) कमी करून हा घालून बघू.

माल वेळेवर आला. घोडं अडलं तपासणीत. मक्यातल्या बुरशीचं विष डिस्टिलरीत नष्ट होत नाही. स्टार्च निघून जातो आणि उरलेल्या चोथ्यात ते जवळपास तिप्पट होतं. म्हणून अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे या बुरशीच्या विषाचा, रिपोर्ट येईपर्यंत एक घमेलंही मिक्सरमध्ये पडणार नाही, असं मीच सगळ्यांना बजावलं होतं.

प्रयोगशाळेच्या खिडकीवर अर्धा किलोची पिशवी दिली, पैसे भरले. ‘चार दिवसांनी फोन करा.’ चौथ्या दिवशी साहेब जेवायला गेलेले. पाचव्या दिवशी मशीन बंद. सातव्या दिवशी रिपोर्ट आला: प्रोटीन २७ टक्के, फायबर, फॅट, ओलावा. अफ्लाटॉक्सिन कुठेच नाही! तडक गाडी काढली. खिडकीतल्या मॅडमनी माझाच फॉर्म पुढे सरकवला. सगळ्या चौकटींत टिक, शेवटची कोरी.

‘ती टेस्ट वेगळी असते दादा. पैसेही वेगळे.’

‘मग पैसे घेताना सांगायचं ना!’

‘तुम्ही विचारलं नाही.’

पुन्हा पैसे. आणि नमुनाही नवा, कारण पहिला मी एकाच पोत्यातून काढला होता. बुरशी प्रत्येक पोत्यात सारखी नसते हे खरंच, पण हे पहिल्या दिवशी सांगता येत नव्हतं? घरी येऊन दहा पोत्यांतून मूठमूठ काढली, ढीग कालवला, चार भाग करत करत अर्धा किलो उरवला. जुलैचा पाऊस, गोदाम दमट. रोज रात्री बॅटरी घेऊन पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचो, आत गरम लागतंय का बघायला.

शेवटी रिपोर्ट २० पीपीबीच्या (अब्जात वीस भाग) आत आला, तेव्हा कुठे जेवण गोड लागलं.

पहिल्या बॅचला ५ टक्केच घातलं. सोबत झायलनेज आणि फायटेज ही एन्झाइम: पहिलं चोथ्यातलं फायबर फोडतं, दुसरं धान्यात अडकलेला फॉस्फरस मोकळा करतं. ग्रॅमला पाच हजार युनिटवालं फायटेज टनभर खाद्याला १०० ग्रॅम लागतं. एवढीशी पूड थेट मिक्सरमध्ये ओतू नका. आधी किलोभर भरड्यात, मग दहा किलोत, मग मिक्सरला. फायटेजमुळे डीसीपी (फॉस्फरससाठी घालतात ती डायकॅल्शियम फॉस्फेटची पूड) कमी करता येते, पण कंपनीच्या तक्त्याप्रमाणेच, अंदाजाने नाही. आमचं खाद्य मॅश, म्हणजे भरडलेलं, आहे. वाफेवर दाबून पेलेट (गोळ्या) करत असाल तर उष्णता सोसणारं एन्झाइम मागा.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: माल उतरवण्यापूर्वी रंग बघा. सोनेरी असेल तर घ्या. कॉफीसारखा, करपट वासाचा असेल तर टेम्पो दारातूनच परत पाठवा; त्यातलं लायसिन, म्हणजे प्रोटीनमधला गरजेचा घटक, जळालेलं असतं.

बॅचच्या पस्तिसाव्या दिवशी पाण्याच्या ड्रिंकरखालचं, जमिनीवर अंथरलेलं तूस मुठीत दाबलं तर गोळा झाला नाही, सुटलं; म्हणजे कोरडं होतं. श्रेय एन्झाइमचं की त्याच आठवड्यात बदललेल्या गळक्या निपलचं, देव जाणे.