फायरबॉलचं पाणी अखेर सापडलं, आणि आरएस ८०० चा निर्णय पुन्हा लांबला

मंडळी, सापडलं! आमच्या फायरबॉलच्या, म्हणजे दोघांनी चालवायच्या शिडाच्या रेसिंग होडीच्या, डाव्या साइड टँकमध्ये (होडी तरंगती ठेवणारी बाजूची हवाबंद पोकळी) पाणी कुठून शिरत होतं ते शेवटी कळलं. मागच्या अपडेटपर्यंत आमचं जवळजवळ ठरलं होतं की फायरबॉल विकायची आणि सेकंडहँड आरएस ८०० (तशीच दोघांची, पण जास्त वेगवान होडी) घ्यायची, बायकोने दोघांनीही मास्टच्या वायरला (ट्रॅपीझ) लटकून चालवायच्या त्या बोटीसाठी नवीन हार्नेससुद्धा आणून ठेवला होता, आणि आता सगळा हिशोबच बदललाय म्हणून नीट सविस्तर लिहितोय.

तर त्रास तोच, तुम्हाला माहीत असलेला. ट्रॉलीवर होडी कोरडी, जेट्टीला नुसती बांधून ठेवली तरी कोरडी, हलक्या वाऱ्यात रेस करून आलो तरी बंग (टँकचं पाणी काढायचं बूच) काढल्यावर चार थेंब. पण वारा १५ नॉटच्या वर गेला आणि दोन-तीन चांगले प्लेनिंग रीच (वारा बाजूने घेऊन पाण्यावर उचलून पळायचे टप्पे) मिळाले की परत आल्यावर त्याच टँकमधून अर्धी बादली. क्लासच्या नियमाने हलचं (होडीच्या नुसत्या शरीराचं) किमान वजन ७६.४ किलो, आमची जुनी असल्यामुळे मुळातच त्याच्या वर, आणि हे पाणी नुसतं वजन नसतं ना, ते टँकमध्ये पुढे-मागे धावतं. लाटेत नाक घुसलं की सगळं पाणी पुढे, की नाक अजून खाली, आणि जिथे बोट उचलून पळायला पाहिजे नेमकी तिथेच ती बसते.

बेलर (कॉकपिटमधलं पाणी बाहेर सोडणारी झडप) उघडून नवीन गॅस्केट टाकली, हॅचचे सील बदलले, श्राउड (मास्टला बाजूने धरणाऱ्या तारा) अडकतात त्या प्लेटचे बोल्ट काढून सीलंट लावून परत बसवले. काही फरक नाही. मग हवेची टेस्ट, बंगच्या भोकात नळी टेपने बंद करायची आणि टँकमध्ये अगदी हलकी हवा भरायची. यासाठी पारदर्शक नळी यू आकारात फळीला लावून त्यात खाण्याचा रंग घातलेलं पाणी ठेवलं, म्हणजे दाब डोळ्यांना दिसतो. ५ सेंटीमीटरच्या वर अजिबात जाऊ नका. वाचायला किरकोळ वाटतं पण ५ सेंटीमीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो, टँकच्या भिंतीला तेवढं पुष्कळ झालं, टायरचा पंप लावाल तर जॉइंट उसवतील. गादीत हवा भरायचा पायपंप बेस्ट. सगळ्या कडांना डिशवॉशचं पाणी फासलं आणि टॉर्च घेऊन बघत बसलो, एक बुडबुडा नाही. नळीतली पातळी तशीच्या तशी. म्हणजे टँक हवाबंद आणि तरीही पाणी येतंय, हे डोक्यातून जाईना.

मग बायको म्हणाली, "अरे, पाणी जोराच्या वाऱ्यातच येतं ना, मग टेस्टच्या वेळी मास्ट आडवा का? उभा कर आणि ताण दे की." अगदी बरोबर! मास्ट उभा केला, जिब हॅलयार्ड (पुढचं शीड चढवायची दोरी) ओढून श्राउडवर गेजने ४०० पाउंडांच्या आसपास टेन्शन दिलं, आणि परत हवा भरली. नळीतलं रंगीत पाणी डोळ्यांदेखत उतरायला लागलं. इतका आनंद मला मागच्या सीझनमध्ये रेस जिंकूनही झाला नव्हता.

बुडबुडे श्राउड प्लेटपाशी नव्हतेच. त्या प्लेटचा ताण खाली फ्लोअरपर्यंत नेणारी आतली नी (कोपऱ्यातला गुडघ्यासारखा आधार) असते बघा, तिच्या मुळाशी, टँकची भिंत फ्लोअरला मिळते त्या कोपऱ्यात केसाएवढी क्रॅक, वरून जुन्या नॉन-स्लिप पेंटने झाकलेली. टेन्शन सोडलं की बुडबुडे बंद, दिलं की सुरू. म्हणजे रिग ताणलेली असली की क्रॅक उघडते, पण हलक्या वाऱ्यात कॉकपिटमध्ये पाणीच नसतं त्यामुळे आत काही जात नाही. जोराच्या वाऱ्यात कॉकपिटमध्ये पाणी खेळतं, तो कोपरा पाण्याखाली जातो आणि टँक ते पिऊन घेतो. जेट्टीला बांधलेली होडी कोरडी का राहायची ते पण यातच आलं.

रिपेअरचं सांगतो. टँकच्या भिंतीत १२५ एमएमचा इन्स्पेक्शन हॅच कापला म्हणजे हात आतपर्यंत जातो. आतला फोम थोडा ओला निघाला, हॅचमधून डीह्युमिडिफायरची कोरडी हवा सोडून ठेवली, वेळ लागतो पण घाई करू नका, ओल्या फोमवर इपॉक्सी धरत नाही. मग क्रॅकच्या दोन्ही बाजूंनी उतार देऊन घासलं, सिलिका घातलेल्या घट्ट इपॉक्सीचा फिलेट (कोपऱ्यात भरायचा गोलसर लेप), त्यावर बायअ‍ॅक्सियल ग्लासचे (दोन दिशांना धागे असलेल्या काचेच्या कापडाचे) तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद, आणि वर पील प्लाय (इपॉक्सी सुकल्यावर सोलून काढायचं कापड). पील प्लायवर चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या, नंतरचं घासणं निम्मं होतं. इंग्लंडमधल्या एप्रिलमध्ये शेडचं तापमान १० अंशांच्या आसपास, तिथे स्लो हार्डनर विसरा, वेस्ट सिस्टिमचा १०५ रेझिन आणि २०५ हार्डनर वापरला आणि वर प्लास्टिकचा तंबू करून आत हीटर ठेवला. क्युअर झाल्यावर वर जो चिकट मेणासारखा थर येतो तो आधी साध्या पाण्याने धुवायचा आणि मगच घासायचं, नाहीतर पुढचा थर सुटतो. हॅच मात्र ऑनलाइन स्वस्तातला मागवला तो कडक प्लास्टिकचा निघाला, स्क्रू आवळताना चिरला. हॅच दुकानात जाऊन हातात घेऊन बघूनच घ्या.

पुन्हा टेन्शन, पुन्हा हवा, पातळी ढिम्म हलली नाही. परवा २० नॉटच्या गस्टमध्ये बाहेर काढली, रीचवर स्पिनेकर (पुढचं मोठं फुग्यासारखं शीड) उभा राहिला आणि बोट जी सुटली! परत आल्यावर बंग काढला तर काहीच नाही. बायकोने त्या कोरड्या बंगचा फोटो काढून ठेवलाय.

आता आरएस ८०० चं. मध्ये एका ओळखीच्या जोडप्याने त्यांची बोट आमच्या रिझरव्हॉयरवर दुपारभर चालवायला दिली. काय बोट आहे! ४.८ मीटरचं हल, बाजूला बाहेर ओढता येणारे रॅक, दोघंही वायरवर, आणि २१ चौरस मीटरचा जेन्नेकर (पुढच्या दांड्यावर लावायचं मोठं शीड). आमच्या फायरबॉलचा स्पिनेकर १३ चा, म्हणजे फरक समजा. पोर्ट्समाउथ यार्डस्टिकवर (वेगवेगळ्या बोटींच्या वेगाची तुलना करायचे आकडे, कमी म्हणजे वेगवान) फायरबॉल साधारण ९५०, आरएस ८०० साधारण ८००, म्हणजे आम्हाला ९५ मिनिटं लागतात तिथे ती ८० मध्ये येणार. जेन्नेकर भरला की सुकाणू हातात एकदम हलकं होतं आणि बोट खरंच उडते, त्यासाठी तिचा डिझायनर फिल मॉरिसनला शंभर मार्क. आणि क्रूच्या वजनाप्रमाणे रॅकची रुंदी आणि करेक्टर वेट (भरपाईचं जादा वजन) ठरतात, त्यामुळे आम्ही दोघं मिळून १३८ किलो असलो तरी १६० वाल्या जोडीसमोर रडायची वेळ येत नाही. ही आयडिया मला फार म्हणजे फार आवडते.

पण आमचं पाणी लहान. जेन्नेकरवाली बोट सरळ वाऱ्याबरोबर खाली जात नाही, तिला कोन ठेवून पळवावं लागतं, त्यामुळे आम्ही जेमतेम सेटल होतोय तोवर समोर धरणाची भिंत, की जाइब (शीड दुसऱ्या बाजूला घेऊन वळणं), दोघांनी आत यायचं, परत बाहेर, परत भिंत. आणि इथला वारा झाडांवरून येतो, दहा-दहा अंश फिरतो. अशा ठिकाणी फायरबॉल स्पिनेकरचा पोल (दांडा) मागे ओढून जवळजवळ सरळ मार्कवर जाते. समुद्रावर मात्र चित्र उलटं, तिथे मला ८०० च हवी.

आणि या क्रॅकमुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. १९६२ साली पीटर मिल्नने फायरबॉल काढली तीच मुळी प्लायवूडच्या सपाट फळ्यांतून घरी बांधता यावी अशी. आजही फिटिंग कुठे लावायच्या हे आपल्या हातात, मास्ट आणि सेल मापात असले की कोणाचेही चालतात. आरएस ८०० एकाच कारखान्याची, सगळ्या बोटी सारख्या, रेसिंगसाठी ते उत्तमच, पण मला जे टँकमध्ये हात घालून खुडबूड करायचं सुख आहे ते तिथे फारसं नाही. मला दोन्ही सुखं हवी आहेत हे प्रामाणिकपणे सांगतो.

काहींनी ५०५ ही दोघांची रेसिंग बोट सुचवली होती. जॉन वेस्टेलची ती बोट मला लाइनमधली सगळ्यात देखणी वाटते, केव्हलार-हनीकोंबच्या जुन्या हल्स अजून कडक असतात आणि गेट स्टार्टचा (एका धावत्या बोटीच्या मागून एकेकाने रेस सुरू करायची पद्धत) थरार वेगळाच. पण वायरवर उंच आणि जड क्रू लागते. बायको ५ फूट ३ इंच. विषय संपला.

फायरबॉलवर माझा जीव असण्याचं अजून एक कारण आहे, ते मुंबईकरांना सांगायला नको. १९८२ च्या एशियाडचं सेलिंग मुंबईत झालं आणि फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉलमध्येच गोल्ड घेतलं. नंतर २०१८ च्या जकार्ता एशियाडला वर्षा गौतम आणि मुंबईची श्वेता शेरवेगार यांनी ४९ईआर एफएक्समध्ये सिल्व्हर आणलं, ती दोन ट्रॅपीझवाली स्किफ. म्हणजे आपल्याकडच्यांनी दोन्ही पिढ्यांच्या बोटींत मेडल घेतलंय, त्यामुळे जुनी श्रेष्ठ का नवी या वादात मला एक बाजू घेताच येत नाही.

तर प्लॅन असा होता की विकायची. आता नाही विकत. हे लिहिता लिहिताच बायकोशी बोलणं झालं, आणि नवीन विचार असा की ज्या जोडप्याने बोट दिली होती त्यांनाच विचारायचं, अर्धा खर्च आम्ही उचलतो, ८०० समुद्राच्या क्लबात ठेवू आणि उन्हाळ्यात आलटून पालटून वापरू. इकडे रिझरव्हॉयरवर फायरबॉल. हार्नेसही वाया जाणार नाही. त्यांनी हो म्हटलं तर पुढच्या अपडेटमध्ये दोन बोटी असतील!

त्याआधी उजवा टँक. डाव्या नीला जेवढा ताण तेवढाच उजवीला, तिकडे अजून बुडबुडा आलेला नाही पण पेंटखाली काय आहे ते बघितल्याशिवाय मी २० नॉटमध्ये जाणार नाही. रविवारी कापतोय. आधी वाटलं होतं तिकडेही तीन थर चढवू, पण क्रॅक नसेल तर एकच चढवतो, प्रत्येक थर वजनात मोजावा लागतो. कोणाकडे १२५ एमएमचा मऊ रिमवाला चांगला हॅच पडून असेल तर कळवा, पोस्टेज मी देतो.