‘धूमधडाका’ पुन्हा पाहताना

‘धूमधडाका’ पुन्हा पाहायला घेतला तेव्हा पहिला बराच वेळ मला एकदाही मनापासून हसू आले नाही आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटले. १९८५ सालचा हा चित्रपट म्हणजे महेश कोठारे यांचे पहिले दिग्दर्शन. त्यातली वाक्ये आमच्या घरात, शाळेत, लग्नाच्या पंगतींत इतक्यांदा कानावर पडत, की ती कुठून आली हे कळण्याआधीच आम्हाला पाठ झाली होती. अशोक सराफांनी उभा केलेला तोतया श्रीमंत बाप, त्याचा पाइप आणि पाइप ओढता ओढता त्याला लागणारा तो प्रसिद्ध ठसका यांची नक्कल आमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाने कधी ना कधी केलेली होती. तोच चित्रपट आता कंटाळवाणा वाटावा, हे पचायला जड गेले. नेमके काय बिघडले याचा छडा लावावा म्हणून या पावसाळ्यात मी ‘दे दणादण’, ‘अशी ही बनवाबनवी’, ‘धडाकेबाज’, ‘झपाटलेला’ असे त्या काळचे माझे आवडते मराठी चित्रपट एकामागून एक पाहिले.

या चित्रपटांचा विषय निघाला की लोक आधी त्यांतल्या करामतींना नावे ठेवतात. ‘दे दणादण’मधल्या लक्ष्मीकांत बेर्डेंच्या हवालदाराला मारुतीच्या कृपेने अचाट शक्ती मिळते आणि लाल रंग दिसला की ती नाहीशी होते. ‘धडाकेबाज’मध्ये तर बाटलीत राहणारा एक चिमुकला लक्ष्मीकांतच आहे आणि त्याच्या समोर कवटीचा मुखवटा घातलेला कवट्या महाकाळ. आजच्या डोळ्यांना या सगळ्याचे सांधे स्पष्ट दिसतात, पण मला त्याचा जराही त्रास झाला नाही. खरे सांगायचे तर ते सांधे लहानपणीही दिसत होते. हे खरे नाही हे ठाऊक असूनही आम्ही बाटलीतल्या माणसाशी मैत्री केली होती, आणि ती मैत्री अजून टिकून आहे.

‘धडाकेबाज’च्या बाबतीत तर दोष चित्रपटापेक्षा त्याच्या प्रतीचा अधिक आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. हा सिनेमास्कोपमध्ये केलेला पहिला मराठी चित्रपट. सिनेमास्कोपच्या चित्राची रुंदी उंचीच्या साधारण २.३५ पट असते, तर जुन्या टीव्हीच्या पडद्याची फक्त १.३३ पट. तेव्हा असा चित्रपट टीव्हीच्या चौकटीत पूर्ण उंचीने बसवायचा झाला की दोन्ही बाजूंनी मिळून चाळीस टक्क्यांहून अधिक चित्र कापले जाते. दोन माणसे बोलत असतील तर एकाचे नाक आणि दुसऱ्याचा कान तेवढा उरतो. टीव्हीवर आणि कॅसेटवर असे चित्रपट बहुधा याच रूपात पोचत, आणि इंटरनेटवर आज मिळणाऱ्या कित्येक प्रती तिथूनच आलेल्या असतात. रंग उडालेले, आवाज फुटलेला, कोपऱ्यात कुणाचे तरी बोधचिन्ह. दिग्दर्शकाने हौसेने रुंद केलेली चौकट अशी कापून दाखवायची आणि वर चित्रपट जुना झाला म्हणायचे, हा त्याच्यावर अन्याय आहे.

मात्र ‘धूमधडाका’चा कंटाळा प्रतीमुळे आला नव्हता. तो आला होता मधल्या लांबलचक, रिकाम्या वेळामुळे. एक बाग, एक बंगला, एक गाणे, पुन्हा तोच बंगला, त्याच दिवाणखान्यात आणखी एक गैरसमज. यामागे त्या काळची आर्थिक ओढाताण होती, हे मान्य केले पाहिजे. सत्तरच्या दशकात राज्य शासनाने करपरताव्याची योजना सुरू केली, तिच्यामुळे मराठी निर्मात्याला करमणूक कराची रक्कम पुढच्या चित्रपटासाठी परत मिळू लागली आणि बंद पडत चाललेला धंदा तगला. पण पैसा मोजकाच राहिला. जागा मोजक्या, दिवस मोजके, आणि पडद्यावर अडीच तास तर भरायचेच. हे सगळे समजूनही एक प्रश्न उरलाच: हा रिकामा वेळ लहानपणी मला कसा जाणवला नाही?

त्याचे उत्तर, मला वाटते, आम्ही हे चित्रपट ज्या रीतीने पाहत होतो तिच्यात आहे. साताऱ्यात आमच्या आळीत गणपतीच्या दिवसांत रस्त्याच्या मधोमध पांढरा पडदा बांधून चित्रपट दाखवत. पडद्याच्या पुढे जागा मिळाली नाही तर आम्ही मागच्या बाजूला पोते अंथरून बसत असू. तिथून श्रेयनामावली उलटी दिसे, लक्ष्मीकांत डाव्या हाताने जेवे आणि मोटारी रस्त्याच्या चुकीच्या बाजूने धावत. पण आवाज सगळ्यांना सारखाच यायचा आणि हशा पुढून मागे लाटेसारखा यायचा. गाणे लागले की मुले उठून पळत, कुणी आरतीच्या खोबऱ्यासाठी, कुणी घरी पाणी प्यायला. आणि ‘आला, तो सीन आला’ अशी हाक ऐकू आली की सगळी धावत परत येत. रविवारी दुपारी टीव्हीवर चित्रपट लागे तेव्हाही जाहिराती, वीज जाणे, पाहुणे येणे यांतून जेवढा पदरात पडेल तेवढाच आम्ही पाहत असू. म्हणजे ज्या ‘धूमधडाका’वर मी जीव टाकला होता, तो फार तर वीस-पंचवीस मिनिटांचा होता. उरलेला मी या पावसाळ्यात प्रथमच पाहिला.

त्या वीस-पंचवीस मिनिटांना मात्र कुठेही गंज चढलेला नाही. लक्ष्मीकांत आपल्या बापाला, म्हणजे शरद तळवलकरांना, काढायच्या असलेल्या भुताच्या चित्रपटाची गोष्ट ऐकवतो, तो प्रसंग पाहा. मूळ प्रसंग सी. व्ही. श्रीधर यांच्या १९६४ च्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ या तमिळ चित्रपटातला. तिथे नागेश आणि बालय्या होते. १९६६ मध्ये ‘प्यार किये जा’ या हिंदी अवतारात मेहमूद आणि ओमप्रकाश आले आणि तिथून तो मराठीत पोचला. तीन भाषांत तीन जोड्यांनी तो केला आणि तिन्ही ठिकाणी तो रंगला, कारण त्याला लागतात फक्त दोन नट. एकाने वाऱ्याचे, दाराचे, पावलांचे आवाज तोंडाने काढायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे. लहानपणी माझी नजर लक्ष्मीकांतवरून हलत नसे. या वेळी मी तळवलकरांकडेच पाहत राहिले. तेव्हा त्यांची साठी उलटलेली होती. आधी पोराच्या खुळेपणाचा वैताग, मग नाइलाजाने दिलेला कान, मग गोष्टीत हळूहळू रुतत जाणे, आणि शेवटी श्रीमंत, करड्या बापाच्या चेहऱ्यावर उरलेले भेदरलेले लहान मूल. ऐकण्याचा एवढा सुंदर अभिनय मराठी पडद्यावर फार थोड्यांनी केला आहे. तो कळायला मला इतकी वर्षे जावी लागली, याचा आनंदच झाला.

दुसरी एक गोष्ट मात्र अशी आहे की जिला काळाची सबब देऊन मला पुढे जाता येत नाही. त्या काळच्या बहुतेक विनोदी चित्रपटांत प्रेमाची रीत ठरलेली होती. मुलगी श्रीमंत आणि तोऱ्यातली. नायकाने तिची वाट अडवायची, चारचौघांत तिची फजिती करायची, तिची खोड मोडायची, आणि खोड मोडली की ती प्रेमात पडलेली असायची. जाड बाई दिसली की हशा, तोतरा माणूस बोलू लागला की हशा, बायकी चालीचा माणूस आला की हशा. मी स्वतः मुलगी असूनही तेव्हा नायकाच्याच बाजूने असे, कारण कॅमेराच त्याच्या बाजूला उभा होता. पुढे शाळेच्या रस्त्यावर तसेच वाट अडवणारे भेटले तेव्हा मी घाबरले होते, पण त्या भीतीचा पडद्यावरच्या गंमतीशी काही संबंध आहे हे मनात आले नव्हते. आता ते प्रसंग लागले की मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. माझा भाऊ म्हणतो, ताई, इतका विचार करून विनोद बघू नये. मला ते पटत नाही. जो विनोद अजून हसवतो, तो विचार करूनही हसवतो.

‘अशी ही बनवाबनवी’ त्याचा दाखला आहे. १९८८ सालचा, सचिन पिळगावकरांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला असला तरी त्यातली अडचण इथल्या मातीतली आहे: नोकरी करणाऱ्या एकट्या तरुणांना कुणी खोली देत नाही. एका खोलीसाठी एक खोटे, ते सांभाळायला दुसरे, आणि प्रत्येक खोट्याची किंमत पुढच्या प्रसंगात मोजावी लागते. त्यामुळे कुठेही रिकामा वेळ नाही. वसंत सबनीसांचे संवाद तर असे, की नट नुसते सरळ बोलला तरी वाक्य हशा घेऊन जाते. तरीही या चित्रपटाची मोहिनी माझ्यासाठी थोडी ओसरली आहे, आणि त्याला तो स्वतः कारण नाही. त्याची वाक्ये आता टी-शर्टांवर, वाढदिवसाच्या शुभेच्छांत, दुकानांच्या पाट्यांवर इतकी वापरली गेली आहेत की ती पडद्यावर येण्याआधीच डोक्यात वाजून गेलेली असतात.

१९९३ च्या ‘झपाटलेला’ने मला सर्वांत सुखद धक्का दिला. कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटावरून घेतलेली, पण तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांचा आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा. त्या बाहुल्याची मान वळते तेव्हा मागे खरोखरच्या माणसाचा हात आहे हे जाणवते, आणि म्हणूनच अजूनही भीती वाटते. भर दुपारी, दिवाणखान्यात दिवे लावून पाहतानाही मला ती वाटली.

या सगळ्या चित्रपटांत लक्ष्मीकांत आहे, आणि ते सलग पाहताना त्याच्याविषयी वाटणारे प्रेम वाढले तसे दुःखही वाढले. तोच चिरका आवाज, तीच मान वेळावणे, तीच घाबरगुंडी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा मागून घेतलेली दिसते. २००४ च्या डिसेंबरात, वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो गेला. म्हणून शेवटी मी ‘एक होता विदूषक’ लावला. जब्बार पटेल यांचा १९९२ चा हा चित्रपट, पु. ल. देशपांड्यांची पटकथा आणि संवाद. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्ही मुले अक्षरशः चिडलो होतो, कारण त्यात आमचा लक्ष्या हसवता हसवता मध्येच थांबत होता. तमाशाच्या फडात वाढलेला, लोकांना हसवण्यातून मोठा झालेला आबुराव त्याने असा केला आहे की इतर चित्रपटांत त्याच्याकडून काय काय मागायचे राहून गेले ते लख्ख कळते. आबुरावची आई झालेल्या मधु कांबीकर पुढच्याच वर्षी ‘झपाटलेला’तही त्याची आई झाल्या, तीच दोन माणसे, पण ‘विदूषक’मध्ये त्यांना एकमेकांकडे पाहायला पुरेसा वेळ दिलेला आहे. ना. धों. महानोरांची गीते आणि आनंद मोडकांचे संगीत असल्यामुळे या वेळी गाणे लागल्यावर उठावेसेही वाटले नाही. या चित्रपटाची स्वच्छ, न कापलेली प्रत मोठ्या पडद्यावर कुणी लावणार असेल, तर साताऱ्याहून कुठेही यायची माझी तयारी आहे, आणि भावालाही मी ओढून आणणार आहे.